गॅसची शेगडी कधी बदलायची?



मागच्या वर्षी सुनेने पर्युषणात अठ्ठाई केली. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी तिचे पारणे. मुगाचे पाणी, राब, दूध आणि आलेल्या नातेवाइकांचा चहा असे सगळे एकाच वेळी करायचे होते, म्हणून नवकारशीची वेळ होता होता मी शेगडीचा तिसरा, छोटा बर्नर पेटवला. तो कितीतरी महिन्यांत लावला नव्हता. ज्योत वर आलीच नाही. भप्प असा आवाज झाला आणि आग खाली, बटणाच्या मागून निघाली. सून शेजारीच उभी होती, आठ दिवसांच्या उपवासाने थकलेली. तिच्या पदराचे टोक होरपळले. मी तिला मागे ओढले आणि रेग्युलेटर बंद केला. देवाच्या दयेने एवढ्यावरच निभावले.

दुपारी मिस्त्री आला. त्याने बर्नर काढला, मागची नळी उलटी करून ठोकली आणि परातीत मातीचा एक गोळा पडला. कुंभारीण माशीचे घर! आत अळ्या होत्या, भाजलेल्या. तो म्हणाला, "काकू, न वापरलेल्या बर्नरमध्ये असं होतच राहते. वाट बंद झाली की गॅस मागे येतो अन् हवेच्या छिद्रातून बाहेर पडून पेटतो."

मी रोज सकाळी पूंजणी फिरवल्याशिवाय शेगडी पेटवत नाही. आदल्याच संध्याकाळी प्रतिक्रमणात सगळ्या जिवांची क्षमा मागितली होती. आणि दुसऱ्या सकाळी हे. वरून पूंजत होते, आत काय आहे ते वर्षानुवर्षे पाहिलेच नव्हते.

लग्न होऊन दारव्ह्याला आले तेव्हा आमच्याकडे चूल होती, आणि जळण म्हणजे पऱ्हाटी. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीत किडे-मुंग्या फार. सासूबाई एकेक काडी जमिनीवर आपटून, निरखून मगच चुलीत सारत. पावसाळ्यात तर या कामात अर्धा तास जाई. गॅस आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता सुटलो बाई त्या पापातून." मीही तसेच समजत होते. पण जयणा काही सुटत नाही, फक्त तिची जागा बदलते. पऱ्हाटीवरची नजर आता नळीवर, बर्नरवर आणि बटणावर ठेवायची.

त्या दिवशी मिस्त्रीने आणखी एक गोष्ट दाखवली. सिलिंडरपासून शेगडीकडे येणारी केशरी नळी त्याने वाकवली, तर तिच्यावर बारीक भेगा. छापलेले वर्ष वाचले, आठ वर्षे झाली होती. ही तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. मी लग्नाआधी यवतमाळच्या अमोलकचंद महाविद्यालयातून बी.कॉम. केलेले, घरातल्या विम्याची तारीख कधी चुकवली नाही. ही मात्र चुकली.

चुकली ती एकच नाही. सिलिंडर लावला की मी डायरीत तारीख लिहिते. रात्री ती काढून बसले. माणसे तीच पाच, स्वयंपाक तोच. पूर्वी 14.2 किलोचा सिलिंडर 46 दिवस चालायचा. मग 43, मग 40, शेवटचा 37. म्हणजे वर्षाला आठऐवजी जवळजवळ दहा सिलिंडर. वर्षभर कढया काळ्या होत होत्या, ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत होती, आणि मी पाहुण्यांना दोष देत होते. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी, गॅस पुरता जळत नाही. त्या दोन जास्तीच्या सिलिंडरांच्या पैशांत दोन वर्षांत नवी शेगडी आली असती.

ती शेगडी आम्ही 2001 साली घेतलेली. कॉलेजात आम्ही घसारा शिकलो होतो. वस्तूची किंमत दरवर्षी थोडी उतरवायची, शेवटी खात्यात शून्य. शेगडी कधीच शून्यावर गेली होती, तरी मला वाटे, चालते आहे तर नवी कशाला? अपरिग्रह आहे ना! खरे सांगते, तो अपरिग्रह नव्हता, आळस होता. आपल्याकडे प्रमादातून जीव दुखावला तर तीच हिंसा म्हटली आहे. जुनी वस्तू नीट सांभाळून वापरणे म्हणजे संयम. जुनी वस्तू न पाहता वापरणे म्हणजे प्रमाद.

आता कामाचे. शेगडीवर मुदत छापलेली नसते. चांगली स्टीलची शेगडी दहा-पंधरा वर्षे सहज जाते, पण वर्षे मोजण्यापेक्षा लक्षणे पाहावीत.

ज्योत पिवळी झाली, भोके बुजली, बटण जड फिरू लागले, तर साफसफाई आणि ग्रीस पुरे. पितळी बर्नर झिजला, भोके मोठी झाली किंवा तो डुलू लागला, तर फक्त बर्नर बदला. पण खालचा पत्रा गंजला, आतली गॅसची नळी खराब झाली, दुरुस्त करूनही बटणापाशी वास येत राहिला किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, तर शेगडीला निरोप द्या. नवी घेताना आयएसआय खूण पाहा. काचेची दिसते छान, पण मी स्टीलचीच घेतली, आणि दोनच बर्नरची. जो बर्नर रोज पेटणार नाही तो हवा कशाला?

गळती साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून कधीच नाही. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन 1906 वर फोन. सिलिंडर घेताना वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूचे अक्षर आणि वर्ष वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती चाचणीची तारीख उलटली असेल तर सिलिंडर परत करा.

जुन्या शेगडीचे काय केले? आमच्या कामवाल्या बाईने ती मागितली होती आणि मी हो म्हणून बसले होते. पण जी वस्तू माझ्या सुनेसाठी धोक्याची, ती तिच्या सुनेसाठी दान कशी? मी तिला तसे स्पष्ट सांगितले आणि शेगडी भंगारात दिली. तिच्या घरची नळी पाहिली, तर तीही जुनीच निघाली. ती नवी बसवून दिली. पारण्याच्या निमित्ताने काही द्यायचेच होते.

आता दरवर्षी आषाढी चौमासी चौदसच्या आधी मी आणि सून मिळून बर्नर काढतो, नळीवरचे वर्ष वाचतो, शेगडी उलटी करून पाहतो. चातुर्मासाची तयारी म्हणून आपण पिठे-मसाले चाळतो, त्यात हे पंधरा मिनिटांचे काम. नवा सिलिंडर परवा संपला. डायरीत लिहिले, 47 दिवस.

त्या अळ्यांचे मात्र कुठल्या खात्यात लिहू, कळत नाही. मिच्छामि दुक्कडं.