चौदा कुंडं, पाच नकाशे

आमच्या राजापुरात गंगा साधारण तीन वर्षांनी येते. उन्हाळे गावाजवळ पाणी फुटलं की तालुकाभर एकच बोलणं, गंगा आली! लहानपणी मी चौदाही कुंडांत हात घालून बघायचो. प्रत्येकाचं पाणी हाताला वेगळं लागायचं.

पुढे पोटासाठी धंदा धरला तो गंगा काढून टाकण्याचा. आकाशगंगा. विश्वाच्या बाल्यातला प्रकाश आज 2.725 केल्विनच्या सूक्ष्मलहरी होऊन चहूकडून येतो. त्यातले चढउतार लाखात एखाद्या भागाएवढे, आणि आपलीच आकाशगंगा मध्ये आडवी. तिच्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेला झळकतात, धूळ जास्त वारंवारतेला.

डब्ल्यूमॅप उपग्रहाने 23 ते 94 गिगाहर्ट्झच्या पाच पट्ट्यांत आकाश मोजलं. पाचही नकाशे सारखे धूसर करायचे, प्रत्येकाला एक भार द्यायचा (एखादा चक्क ऋण निघतो), भारांची बेरीज एक ठेवायची आणि उरलेले चढउतार कमीत कमी होतील असं बघायचं. पाचही कुंडांत सारखं लागणारं पाणी तेवढं राहतं. धूळ कशी दिसते, हे कुणी सांगावं लागत नाही. मला अजून याचं नवल वाटतं.

पहिल्याच वर्षी मी 94चा नकाशा अँटेना-तापमानातच राहू दिला. त्या एककात मूळ प्रकाशाचा चढउतार पाचव्या हिश्श्याने फिका दिसतो. झालं, गणिताने त्यालाच मळ धरलं. नकाशा इतका गुळगुळीत निघाला की दोन दिवस मी खुशीत होतो. एकक बरोबर असलं तरी धूळ आणि मूळ प्रकाश योगायोगाने जुळले की थोडा प्रकाश धुतला जातोच. आकाश एकच, दुसरं आणायचं कुठून? उपकरणाच्या गोंगाटावर मात्र तोड आहे. 2006 साली राजीब साहा, पंकज जैन आणि पुण्याच्या आयुका संस्थेतले तरुण सौरदीप यांनी उपग्रहावरच्या वेगवेगळ्या संवेदकांचे साफ केलेले नकाशे एकमेकांशी गुणून तो टाळला.

मार्च 2014मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप2 दुर्बिणीने याच मूळ प्रकाशात आदिम गुरुत्वलहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. आमचे पेढे वाटायचेच बाकी होते. वर्षभरात प्लँक उपग्रहाच्या 353 गिगाहर्ट्झच्या नकाशाने दाखवलं, त्यातली बरीचशी धूळच. बायसेप2ची मोजणी 150 गिगाहर्ट्झची. एकाच कुंडात हात.

गेल्या मे महिन्यात आईने विचारलं, "काढलेली गंगा टाकतोस कुठे?"

"टाकत नाही गं. वेगळी ठेवतो. धुळीवर काम करणारे मागून नेतात."