क्लचवरची दोन बोटं

अब्बांकडे म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली जावा होती. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, लाल टाकी. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना ठाऊक असेल, या गाडीचा गिअर बदलायला क्लच दाबावा लागत नाही. पायाने गिअरचा दांडा दाबला की क्लच आतल्या आत सुटतो. त्यामुळे जावावाल्यांचा डावा हात आळशी होतो. अब्बांचा झाला नव्हता. रस्ता कितीही मोकळा असो, त्यांची दोन बोटं क्लचच्या लिव्हरवर टेकलेली असायची. पुढे मला गाडी शिकवतानाही ब्रेकच्या आधी त्यांनी हेच शिकवलं. "दो बोटां क्लचपर रख." का, ते सांगितलं नाही.

सांगायची गरजही नव्हती. मी तेरा वर्षांचा असताना खंबाटकीच्या उतारावर ते पाहिलं होतं. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं, तेवढंच. लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली की पेट्रोल कमी जातं, म्हणजे तेलही कमी जातं, आणि पिस्टन मात्र धावतच असतो. अब्बा हे जाणून होते. उतारावर ते मधूनमधून थ्रॉटल द्यायचे. त्या दिवशी मागे बसून मी काहीतरी विचारत होतो आणि ते मान वळवून उत्तर देत होते. खरडल्यासारखा आवाज आला, मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी आडवी होऊ लागली आणि तेवढ्यात चाक पुन्हा सुटलं. क्लच ओढला गेला होता. आम्ही घरंगळत कठड्यापाशी थांबलो. अब्बांनी बिडी काढली. काडी तीनदा विझली. वारा नव्हता.

बिल आयव्ही हे नाव मला त्यानंतर वीसेक वर्षांनी भेटलं. जुन्या रेसिंग मोटरसायकलींबद्दल मिळेल ते वाचायचा नाद लागला होता. आयव्ही इंग्लंडमधल्या केंटचा, अंगाने लहानखुरा, केस वाढवलेला, फॅशनचे कपडे घालणारा. १९६७ मध्ये यामाहावर तो १२५ सीसीचा जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी आइल ऑफ मॅन बेटाच्या डोंगरी रस्त्यावर त्याने १२५ सीसीच्या गाडीवर ताशी १०० मैल सरासरीने फेरी मारली. एवढ्या लहान इंजिनावर हे आधी कुणाला जमलं नव्हतं.

त्याच १९६८ मध्ये यामाहाने दोन किताब आपल्या दोन स्वारांत आधीच वाटून टाकले होते. १२५ चा फिल रीडला, २५० चा आयव्हीला. रीडने १२५ चा किताब घेतला आणि मग वाटणी मोडून २५० मध्येही आयव्हीशी खरीखुरी शर्यत लावली. शेवटी दोघांचे गुण सारखे झाले, दोघांनी पूर्ण केलेल्या शर्यतींच्या वेळांची बेरीज झाली आणि किताब रीडला गेला. मला रीडचा राग येतो. पण आधीच ठरलेली शर्यत ही तरी कसली शर्यत, असंही वाटतं, आणि मग राग कुणावर काढावा ते कळत नाही.

आयव्ही विटला. मोटारींच्या शर्यतीकडे वळला, फॉर्म्युला टूमध्ये उतरला. तेवढ्यात चेकोस्लोव्हाकियातून बोलावणं आलं, जावाकडून. होय, तीच जावा. म्हैसूरच्या गाड्यांवर जिचं नाव होतं ती मूळ कंपनी. तिने ३५० सीसीची चार सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी टू-स्ट्रोक रेसर बनवली होती. गाडी पळायची जोरात, भरवसा कमी. १९६९ मध्ये हॉकेनहाइमला आणि मग आसेनला आयव्ही तिच्यावर दुसरा आला. दोन्ही वेळा पुढे होता तो जियाकोमो आगोस्तिनी, एमव्ही ऑगुस्तावर. त्या काळी आगोस्तिनीच्या मागे दुसरं येणं ही लहान गोष्ट नव्हती.

टू-स्ट्रोक रेसरचं दुखणं तेच, जे अब्बांच्या गाडीचं. जास्त ताकद काढायची तर पेट्रोलचं मिश्रण पातळ ठेवायचं, आणि पातळ मिश्रणावर इंजिन तापतं. हवा जरा बदलली, जेट चुकीचा बसला, की पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो आणि मागचं चाक अडकतं. म्हणून टू-स्ट्रोकवाले स्वार बोटं कायम क्लचवर ठेवायचे. आवाज फिरला की ओढायचा. विचार करायला वेळ नसतो.

१२ जुलै १९६९. पूर्व जर्मनीतलं साक्सेनरिंग, म्हणजे गावातून जाणारा रोजच्या वापरातलाच रस्ता. शर्यतही नव्हती, सराव होता. जावाचं इंजिन जाम झालं. असं सांगतात की त्या क्षणी आयव्हीचा एक हात गॉगल नीट करायला वर गेला होता. तो २६ वर्षांचा होता.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. अब्बा तेव्हा हयात होते. सकाळी त्यांना सांगितलं. त्यांनी आयव्हीचं नाव ऐकलं नव्हतं. म्हणाले, "उसका हाथ ऊपर था, मेरा मुंडी पीछे था." एवढंच. खंबाटकीबद्दल ते आयुष्यात तेवढंच बोलले. तोवर त्या प्रसंगाची आमच्या घरात गोष्ट झाली होती, अब्बांच्या कसबाची. अम्मी ती पाहुण्यांना सांगायची आणि शेवटी अल्लाहचे आभार मानायची. अब्बा उठून आत जायचे. मला तो विनय वाटायचा.

यंदा शब-ए-बरातला अब्बांच्या कबरीवर फातिहा पढायला भाच्याच्या गाडीवर गेलो. कब्रस्तानाबाहेर मोहल्ल्यातली पोरं सायलेन्सर काढलेल्या गाड्या एका चाकावर उडवत होती. मौलाना दरवर्षी सांगतात, पोलीस दरवर्षी गाड्या उचलतात. उंट बांधण्याची हदीसही त्यांना सगळ्यांना पाठ आहे. परतताना भाच्याला म्हटलं, क्लचवर दोन बोटं ठेव. तो हसला. "मामू, ये फोर-स्ट्रोक है. जाम नहीं होती."

खरं आहे त्याचं. मी पुढे काही विचारलं नाही, नाहीतर उत्तर द्यायला त्याने मान वळवली असती.