मुक्काम कुठे, हे आधी ठरवा

देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून किंवा लष्करी डेपोतून निवृत्त झालेलं जोडपं. मुलगा हिंजवडीतून अमेरिकेला गेला, तिथला नागरिक झाला आणि फोनवर म्हणतो, "बाबा, तुमचं दोघांचं ग्रीन कार्ड करून टाकू या." इमिग्रेशनच्या कागदपत्रांचं काम करताना हे वाक्य माझ्या कानावर सतत येतं. त्यातली माया खरी असते. पण ग्रीन कार्ड हा तिथे कायम राहण्याचा परवाना आहे, जाण्या-येण्याचा पास नव्हे.

अर्जाची वाट तशी सरळ आहे. नागरिक झालेल्या मुलाचं किंवा मुलीचं वय २१ पूर्ण असलं, की आई-वडिलांसाठी आय-१३० अर्ज करता येतो आणि त्याला वार्षिक कोटा नाही. भावा-बहिणींना मात्र कोटा आहे. भारतीयांची ती रांग पंधरा वर्षांहून लांब आहे.

अडतं ते जन्मदाखल्यापाशी. कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीतला जन्म बोर्डाकडे नोंदवलेला असतो, पण मावळातल्या वाडीवर जन्मलेल्या जुन्या माणसाची नोंदच नसते. शाळेत मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकलेली असते. मग नोंद नसल्याचा दाखला आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. पेन्शनच्या कागदावर 'डी'ने सुरू होणारा ज्ञानेश्वर पासपोर्टवर 'जी'ने सुरू होतो, तेही आधीच निस्तरावं. व्हिसाच्या फॉर्ममध्ये शस्त्रं किंवा स्फोटकांचा अनुभव आहे का, असाही प्रश्न असतो. धूरगोळे आणि प्रकाशगोळे बनवण्यात हयात घालवलेल्या माणसाने तिथे 'हो' लिहावं आणि नोकरीचं स्वरूप सरळ सांगावं.

खरी कसोटी कार्ड हातात आल्यावर लागते.

'सहा महिन्यांतून एकदा जाऊन आलं की झालं' हा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. विमानतळावरचा अधिकारी घर कुठे आहे, कर कुठे भरता, हे पाहतो. सलग वर्षभर बाहेर राहिलं तर कार्डच धोक्यात येतं. तेवढं राहायचंच असेल, तर अमेरिकेत असतानाच पुनःप्रवेशाच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. शिवाय भारतातली पेन्शन आणि घरभाडं तिथल्या कर-विवरणात दाखवावं लागतं. भारतातल्या खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्यांचीही माहिती द्यावी लागते. नातवंडांना भेटून परत यायचं असेल, तर बी-२ हा पर्यटक व्हिसाच बरा.

नागरिकत्वासाठी साधारणतः पाच वर्षांचं वास्तव्य लागतं आणि त्यातले किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतले २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. वय ५५ आणि ग्रीन कार्डवरची १५ वर्षं पूर्ण असतील तर इंग्रजीची सूट मिळते. दुभाष्यामार्फत मराठीतून उत्तरं देता येतात. म्हणजे ६२व्या वर्षी गेलेल्या आईला या सवलतीसाठी ७७व्या वर्षापर्यंत थांबावं लागेल. म्हणून इंग्रजीचा सराव देहूरोडलाच सुरू केलेला चांगला.

नागरिकत्व कार्डाहून किती पक्कं असतं, हे भारतातून गेलेल्या सखाराम गणेश पंडित यांच्या खटल्यात दिसतं. ते १९१४ मध्ये अमेरिकी नागरिक झाले. पुढे वकील म्हणून त्यांनी भगतसिंग थिंड या भारतीयाची नागरिकत्वाच्या खटल्यात बाजू मांडली. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थिंड यांच्या विरोधात, म्हणजे भारतीय नागरिकत्वाला पात्र नाहीत, असा निकाल दिला आणि सरकार भारतीयांचं आधी दिलेलं नागरिकत्वही काढून घेऊ लागलं. पंडित स्वतःसाठी लढले. १९१४ च्या निर्णयावर सरकारने अपीलच केलं नव्हतं, तो विषय तिथेच संपला होता, हा त्यांचा मुद्दा १९२६ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केला आणि त्यांचं नागरिकत्व टिकलं. भारतीयांना नागरिकत्वाचं दार कायद्याने उघडलं ते १९४६ मध्ये.

अमेरिकेचं नागरिकत्व स्वीकारताना इकडचं सोडावं लागतं. १९५५ च्या कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपतं. मग पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड काढायचं. त्यावर इथे हवं तेवढं राहता येतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली मात्र ठेवता येते. मावळातल्या सातबाऱ्यावर वडिलांचंच नाव असेल, तर वारसनोंद आणि भावंडांमधली वाटणी अर्ज भरण्याआधी तलाठ्याकडे जाऊन मार्गी लावावी.