धावड्याचं बारसं आणि जळलेली तार

धावडा म्हटलं की आपल्याला आठवतो तो डिंक! बाळंतिणीच्या लाडवांत घालतो, तो धावड्याच्याच झाडाचा. त्यामुळे भाचीच्या मुलीच्या बारशाला धावडा या गावी निघाले, तेव्हा मांडीवरचा डिंकाच्या लाडवांचा डबा बघून माझं मलाच हसू येत होतं.

धावडा भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आसऱ्याला. पूर्वी हा सारा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. 1 मे 1981 ला जालना जिल्हा वेगळा झाला. महानुभावांचं जाळीचा देव हे स्थान याच भागात. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, मका आणि मिरची. या तालुक्याची मिरची नावाजलेली!

सिल्लोडहून भाड्याच्या जीपनं आम्ही अजिंठ्याला आलो आणि बुलढाण्याच्या रस्त्याला लागलो. शिवना मागे पडलं, दिवस मावळला, आणि ड्रायव्हरनं हॉर्न दाबताच पुढचे दिवे गेले! त्यानं फ्यूजची डबी उघडली. निळा, 15 अँपिअरचा फ्यूज आतून तुटला होता. पठ्ठ्यानं लगेच सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली. "गुंडाळतो वरून, गाव येईस्तोवर चालतंय."

"चालेल, पण गाडी पेटली म्हणजे?" आमच्या ह्यांनी विचारलं. मग बॅटरीच्या उजेडात शोधाशोध झाली. मागाहून बसवलेल्या जोरदार हॉर्नची वायर पत्र्याला घासून सोलली होती. गाडीत विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. उघडी वायर त्याला टेकली की शॉर्टसर्किट. बारा व्होल्टचा झटका आपल्याला जाणवत नाही, पण वायर लाल होऊन आग लागायला तेवढे पुरतात. वायरला टेप गुंडाळली, डबीतला जादा निळाच फ्यूज बसवला, आणि दिवे लागले.

ही झाली नांदी. खरा प्रसंग पुढेच होता.

दुसऱ्या दिवशी वन्संच्या घरी नुसती गडबड. एका बोर्डावर आंघोळीच्या पाण्यासाठी रॉड, त्याच बोर्डावरून वायर ओढून इस्त्री, आणि पुरणासाठी मिक्सर. फ्यूज उडाला. भाचा धावत गेला आणि काहीतरी करून आला. वीज आली, सगळ्यांनी 'वा रे वा' केलं. अर्ध्या तासानं मी बाळाला बघायला आतल्या खोलीत गेले, तर जळक्या रबरासारखा वास. पाळण्याच्या डोक्यावरचा बोर्ड हाताला चांगलाच गरम लागला!

मी ओरडले. वन्सं पिठाच्या हातांनीच धावल्या, पण थबकल्या, हात कोरडे केले, पायांत चपला घातल्या आणि मगच मेन स्विच खाली ओढला. फ्यूजची ग्रिप काढली. आत मोटारीच्या वायरीतल्या तांब्याच्या चार तारा पिळून घातलेल्या!

"कामून घातल्या रे एवढ्या?"

"पुन्हा जाऊ नये म्हणून."

"आरं, जायलाच बसवलीय ती! तार जळली म्हणजे घर वाचलं. तू तिला जळू दिली नाहीस, म्हणून भिंतीतली वायर जळाया लागली."

मैत्रिणींनो, हिशेब साधा आहे. वॅटना 230 नं भागलं की अँपिअर निघतात. 1500 वॅटचा रॉड साडेसहा, 1000 वॅटची इस्त्री सव्वाचार, 500 वॅटचा मिक्सर दोनाहून थोडे जास्त. बेरीज तेरा! आणि ती लाईन 5 अँपिअरची. फ्यूजची तार थोडा जादा भार काही वेळ सोसते, म्हणून रॉड एकटा होता तोवर भागलं. पण सोसण्यालाही मर्यादा असतेच.

वन्संची पद्धत मी लिहूनच घेतली. वीज गेली की आधी शेजारी आहे का ते बघावं. आपल्याचकडे गेली असेल, तर सगळ्या वस्तूंचे प्लग काढावेत, मेन बंद करावा, मग ग्रिप काढावी. तार मध्येच वितळून तुटलेली असेल तर बहुधा भार जास्त. ग्रिप काळी पडून तांब्याचे शिंतोडे उडाले असतील तर शॉर्ट. त्याच नंबरची नवी तार घालावी. 5 अँपिअरची तार जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीची असते; 15 ची अर्ध्या मिलिमीटरची. मग मेन लावून एकेक वस्तू चालू करावी. जिच्यामुळे तार पुन्हा जाईल, ती दोषी. काहीच न लावता तार गेली, तर दोष भिंतीतला. तिथे आपण थांबावं, वायरमनला बोलवावं.

आणखी एक. फ्यूज वायरीला वाचवतो, माणसाला नाही. अँपिअरच्या शंभराव्या हिश्शांतला प्रवाहही जीव घेऊ शकतो. 5 अँपिअरच्या तारेला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारा स्विच, दोन्ही हवीत.

बारसं छान झालं. रात्री मात्र सगळ्या गल्लीचीच वीज गेली. भाचा काठी आणि बॅटरी घेऊन डीपीकडे निघाला. गावोगावची तरणी पोरं असंच करतात, आणि कधीकधी परत येत नाहीत. डीपीवर येणाऱ्या तारेत अकरा हजार व्होल्ट असतात. वन्संनी त्याचा दंडच धरला. "घरातला फ्यूज आपला. डीपी आपली नाही. सकाळी येईल लाईनमन. एक रात्र अंधारात गेली म्हणून बाळाचं काही बिघडत नाही." पोरगं मुकाट्यानं परत फिरलं. आम्ही कंदिलाच्या उजेडात पाळणा हलवत बसलो.

येताना माझ्या डब्यात लाडवांच्या जागी हिरव्या मिरच्या आल्या. घरी पोचल्यावर मी आधी मेन बंद केला आणि आमच्या ग्रिपा उघडल्या. तिसऱ्या ग्रिपेत आकड्याएवढी जाड तांब्याची तार निघाली! कोणी घातली ते विचारलं नाही. ह्यांनी वर्तमानपत्र जरा जास्तच वर धरलं होतं. तुमच्याकडे अजून ग्रिपा असतील, तर एकदा उघडून बघा.