पावातला मासा

सँडविच हा विश्वासाचा पदार्थ आहे. ताटातला मासा डोळ्यांनी पारखावा, बोटांनी काटा काढावा. पावात दडलेल्या माशावर मात्र सरळ दात रोवावे लागतात. अठराव्या शतकातल्या एका इंग्रज उमरावाचे नाव या पदार्थाला लाभले. काटे काढणाऱ्या हातांचे कोणी विचारलेही नाही.

आम्ही शिरूरकर समुद्रापासून दूर. आमची घोडनदी भीमेला मिळते, दौंड भीमेकाठीच, आणि दोघींचे पाणी १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणात साठते. आमचा समुद्र काय तो तोच. रोहू चवीला उत्तम, पण त्याचे बारीक दुफाळी काटे मांसभर विखुरलेले. पावात तो घातकीच. म्हणून दौंडहून येताना मी चिलापी आणतो. मूळची आफ्रिकेची ही पाहुणी १९५२ साली भारतात आली. तिचा मधला काटा आणि बरगड्या काढल्या की झाले. हळद, मीठ, आगळ, लसूण-मिरचीचे वाटण लावावे, रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत तळावे. पावाला हिरवी चटणी, वर कांदा.

आई मालवणची. गोड्या पाण्यातल्या माशाला ती मासाच मानीत नसे. आता तिची दृष्टी मंदावली आहे, तरी काटे तीच काढते, बोटांनी चाचपून.

"आई, मी एकदा पाहू का?" पत्नीने हलकेच विचारले.

"बघ की," म्हणून आईने काढलेले काटे ओळीने मांडून दाखवले.

हल्ली पहिला पाव मी खातो, अगदी सावकाश. मग मुलांना मिळतो. आईला हे दिसत नाही, अशी आमची समजूत आहे.