बिनतारी दिवा

छायाचित्र म्हणजे प्रकाशानें काढलेलें चित्र, हें आपण सर्वच जाणतों. परंतु तो प्रकाश कोणत्या बाजूनें यावा, याचा विचार फारच थोडे लोक करितात. कॅमेऱ्याच्या माथ्यावरील फ्लॅश समोरून भडकला, कीं मुद्रा पिठासारखी पांढरी दिसते, मागील भिंतीवर काळी सावली उमटते, आणि वयानें व कष्टांनीं कोरलेल्या रेषा पार पुसून जातात. तोच फ्लॅश चार हात बाजूस ठेविला, तर त्याच मुद्रेस उठाव येतो. मग प्रश्न असा, कीं दूरच्या दिव्यास नेमक्या क्षणीं पेटण्याचा हुकूम द्यावा कोणी?

पूर्वीं हें काम लांब तारेनें होई. पण तार येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत अडके. पुढें दुसऱ्या फ्लॅशचा झोत पाहून आपला फ्लॅश पेटविणारीं यंत्रें निघालीं. नांदेडच्या एका मंगल कार्यालयांत आम्हीं त्यांचा अनुभव घेतला. कोणाही पाहुण्यानें आपला फ्लॅश उडविला, कीं आमचा दिवा उगीच पेटे. आणि आम्हांस हवा असे, तेव्हां दम खात बसे!

बिनतारी ट्रिगरानें ही अडचण दूर होते. एक लहानसा प्रेषक कॅमेऱ्यावर बसतो व ग्राहक फ्लॅशखालीं. कळ दाबतांच सेकंदास सुमारें २४० कोटी आंदोलनें असलेली रेडिओ-लहर निघते व भिंतीपलीकडेही पोंचते. दोहोंचा चॅनेल एक ठेवावा, म्हणजे परक्याचा हुकूम आपला दिवा मानीत नाहीं. बहुतेक कॅमेऱ्यांत शटर सेकंदाच्या १/२०० भागाहून फार जलद ठेवूं नये. नाहीं तर पडदा पुरता उघडण्यापूर्वींच मिटूं लागतो व चित्रांत काळा पट्टा येतो. शिवाय दिव्याचें अंतर दुप्पट केल्यास प्रकाश निम्मा नव्हे, चतुर्थांश होतो, हेंही ध्यानांत असावें. या लहरीचे एक आद्य उपासक आपले जगदीशचंद्र बोस होत. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास त्यांनीं तारेवांचून दूरची घंटा वाजवून व बंदुकीची दारू उडवून दाखविली होती.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही एका सोबत्याच्या आजोळीं, लातूर जिल्ह्यांतील औसा तालुक्यांत, गेलों. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून लोक निजले असतां, त्या भागांत भूकंप झाला. दगडमातीचीं जड माळवदाचीं घरें कोसळलीं व हजारों माणसें गेलीं. आजींचे यजमान त्यांतच गेले, आणि त्यांचा एकुलता एक फोटोही ढिगाऱ्यांत गेला. ते कसे दिसत, हें नातवंडांस दाखविण्यास आजींजवळ कांहींच उरलें नाहीं. आपल्या मागें तरी असें होऊं नये, म्हणून त्या फोटोस राजी झाल्या.

खोली अंधारी होती, खिडकी एकच. आम्हीं फ्लॅश खिडकीबाहेर ओसरीवर ठेविला व मध्यें पांढरें धोतर आडवें बांधलें, जेणेंकरून उजेड मऊ होऊन आंत यावा. आजी सारें निरखीत होत्या. "तार तर कुठं दिसंना. मग त्या दिव्याला कळतंय कसं?"

सोबती म्हणाला, "आजी, शेतातून हाळी दिली की वस्तीवरच्या माणसाला ऐकू येती ना, तसं."

"म्हंजी ही हाळी आपल्याला ऐकू येत न्हाई, त्या दिव्यालाच येती!" असें म्हणून आजी हंसल्या, आणि त्याच क्षणीं आम्हीं कळ दाबली.

त्या चित्रांत कपाळावरचें गोंदण आहे, सुरकुती न सुरकुती आहे, आणि तें हंसूं आहे. त्याची मोठी प्रत चौकटींत घालून आतां आजींच्या घरीं लाविली आहे. तिच्या शेजारची जागा त्यांनीं रिकामीच ठेविली आहे. ती कोणाची, हें कोणी विचारीत नाहीं.

बालमित्रहो, यंत्रें बदलत जातील; आजची नवलाई उद्यां जुनी होईल. परंतु ज्यांचें एकही नीट चित्र नाहीं असें वडील माणूस बहुतेक घरीं असतें. येत्या सुटींत त्यांच्याजवळ बसा, त्यांना बोलतें करा, आणि दिवा थोडा बाजूस ठेवा. पालकांसही आमची एवढीच विनंती, कीं घरांतील जुन्या चित्रांच्या प्रती करून त्या दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. घर पुन्हां बांधतां येतें; गेलेली मुद्रा पुन्हां आणितां येत नाहीं.