वाटेवरचे आबा

आबा घरात फारसे बोलत नसत. माणदेशातल्या त्या पिढीच्या बापांना घरात बोलायची सवयच नव्हती. आल्यागेल्याला 'या, बसा', आईला 'वाढ', आणि आम्हा पोरांकडं नुसती एक नजर. त्या नजरेनं आम्ही सोप्यातून गुमान उठून बाहेर जायचो. पण हेच आबा शिवेबाहेर पडले, पायाखाली वाट लागली, की वेगळेच होत. चार रानं मागं पडली की खाकरायचे आणि बोलायला लागायचे. पोराला समोर बसवून जे सांगता येत नव्हतं, ते शेजारून चालताना त्यांना सांगता येई. तोंडाकडं बघावं लागत नसे, म्हणूनही असेल. मला माझा बाप कळला तो वाटेवर.

आमचं गाव माण नदीच्या काठचं. आम्ही तिला माणगंगा म्हणतो. नाव गंगेचं, पण वर्षातले बरेच महिने पात्रात नुसती वाळू. नदी ओलांडून आटपाडी अडीच कोस. तिथं शनिवारचा बाजार. आटपाडीच्या पुढं साडेचार कोसांवर खरसुंडी. तिथल्या सिद्धनाथाची पौषातली यात्रा म्हणजे खिलार जनावरांचा मोठा बाजार. आबांना काही विकायचं-घ्यायचं नसलं तरी यात्रा चुकायची नाही. "देवाला जायाचंय," असं आईला सांगायचे. पण देवळात घटकाभर आणि बैलांत दिवसभर.

यात्रेला निघायचं ते रात्रीच. घड्याळ कुणाकडं होतं? आबा अंगणात येऊन वर बघायचे. तिकांडं मावळतीकडं कललं की मला हलवायचे. डोक्यावरून घोंगडी, फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदा. नदीत उतरलं की ते पायताण काढून हातात घ्यायचे. म्हणायचे, "वाळू पायताण खाती. पायाला काय करत न्हाय." पौषातली ती वाळू इतकी गार असायची की मी एका पायावर नाचत पलीकडं जायचो, आणि आबा हसायचे. घरात त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं.

उजाडेपर्यंत शिकवणी चालायची. आदत कुणाला म्हणायचं, दोन दाती कधी होतो, चार दाती, सहा दाती, आणि जुळला की त्याचं वय तोंडावरून सांगणं कसं अवघड. खिलाराचं तोंड लांब नि निमुळतं हवं, शिंगं मागं झुकून वर गेलेली, कातडी पातळ, शेपटी बारीक. "पर एक ध्यानात ठेव," आबा म्हणायचे, "उभा बैल समदाच देखणा दिसतो. बैल चालताना बघावा, आन त्यो बी मागनं." माणसांबद्दलही ते असंच काहीबाही सांगत. कोण भावकीत कसा वागला, कुणी बांध कोरला, आज्यानं कुणाचं कर्ज कसं फेडलं. आमच्या घराण्याचा सगळा इतिहास मी माणगंगा ते खरसुंडी या सात कोसांत ऐकला.

यात्रेत आबा मला सौदा दाखवायचे. दोन माणसं उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं धरायची. तोंडं गप्प, बोटांत भाव चाललेला. भोवती माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांनाच ठाऊक. "दोघांच्या तोंडाकडं बघ," आबा हळूच म्हणायचे. "ज्याचं तोंड आदी सुकंल, त्यो नडलेला."

1972 साली मला या वाक्याची आठवण झाली. आधीची सालंही बेताचीच गेली होती, आणि त्या साली तर पाऊस फिरकलाच नाही. विहिरी खडखडीत. कडब्याची पेंडी सोन्याच्या भावानं. आमच्या दावणीला हरण्या आणि पाखऱ्या ही जोडी होती. हरण्या घरच्या गाईचा. दोघांना चारायला मीच जायचो, त्यामुळं शाळा आठवड्यातून दोन दिवस झाली तरी खूप. त्या वर्षी चारायला काही उरलंच नाही. बरगड्या मोजता यायला लागल्या. एका रात्री आबा बराच वेळ दावणीशी उभे होते. सकाळी मला एवढंच म्हणाले, "चल. सांगोल्याला."

सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारचा. शनिवारी पहाटेच निघालो. जनावरांत जोर नव्हता, त्यांच्या चालीनं चालायचं. त्या वाटेवर आबा एक शब्द बोलले नाहीत. चालताना न बोललेले आबा मी पहिल्यांदाच बघत होतो. रात्री एका वस्तीच्या कडेला टेकलो. बरोबर आणलेली मूठभर वैरण त्यांनी जोडीपुढं टाकली आणि भाकरी मला दिली. स्वतः पाणी प्यायले.

बाजारात जिकडं बघावं तिकडं विकणारेच. हेड्यानं उपरण्याखाली हात घातला तेव्हा मी आबांच्या तोंडाकडं बघितलं नाही. खाली मातीकडं बघत उभा राहिलो. चांगल्या सालात एका बैलाला जेवढे आले असते, तेवढ्यात जोडी गेली. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. हेड्यानं आपल्या दोऱ्या लावल्या. आबांनी दोन्ही दावी सोडून घेतली, हरण्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि मागं न बघता चालू लागले.

परतीच्या वाटेवर त्यांच्या खांद्यावर ती दोन दावी होती. सांगोला मागं पडलं. निम्मी वाट सरल्यावर ते खाकरले.

"आता तुझं पाय मोकळं झालं."

मला कळलं नाही. मी म्हणालो, "म्हंजी?"

"जनावरामागं जायाचं ऱ्हायलं न्हवं. उद्यापासनं साळंत जा. रोज जा."

एवढंच. पुन्हा गप्प. पण त्या दिवसापासून माझी शाळा एक दिवसही चुकली नाही.

पुढं आटपाडीच्या वाटेवर दुष्काळी काम निघालं. आबा, आई आणि थोरली बहीण खडी फोडायला जाऊ लागली. मी हायस्कुलाला आटपाडीला. रोज सकाळी आबा आणि मी बरोबरच निघायचो. मी अभ्यासातलं सांगायचो, ते ऐकायचे. शिवाजीमहाराजांचं ऐकताना मधेच प्रश्न विचारायचे. भूमितीचं ऐकून एकदा म्हणाले, "ह्ये बांधाच्या भांडणात उपेगी पडंल." खडीचा ढीग आला की थांबायचे, धोतराचा काचा मारायचे, हातोडा उचलायचे आणि म्हणायचे, "जा." मागं वळून बघितलं की धुरळ्यात बसलेली माणसं सगळी सारखीच दिसायची. संध्याकाळी कामावर मिळालेली सुकडी फडक्यात बांधून माझ्यासाठी ठेवलेली असायची. घरी मिलोची तांबडी भाकरी. ती गिळताना घसा सोलायचा, पण त्या भाकरीनंच आम्हाला जगवलं. पुढं 1977 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. मी वर्गात तो शिकवायचो तेव्हा पोरं तो पाठ करायची. मला मात्र आबांच्या तळहातावरचे फोड दिसायचे.

हो, मी मास्तर झालो. नोकरी लागल्यावर लूना घेतली आणि हौसेनं आबांना म्हणालो, "बसा, आटपाडीला सोडतो." आबा बसले. दोन फर्लांगांवर गेल्यावर खांद्यावर थाप मारून म्हणाले, "थांब. उतरतो."

"का हो? भ्या वाटलं का?"

"भ्या कशाचं? बोलता यीना. तुझ्या पाठीशी काय बोलू?"

मग मी लूना ढकलत आणि ते शेजारून, असे आम्ही आटपाडीला गेलो. लोक विचारायचे, "मास्तर, पेट्रोल संपलं का?"

शेवटच्या दोन वर्षांत त्यांचे गुडघे धरले. तरी संध्याकाळी काठी घेऊन नदीपर्यंत जायचेच. लहानपणी त्यांच्या एका ढांगेला मला दोन पावलं धावावं लागे. आता मी माझी ढांग आखडती घेत होतो. त्यांच्या ते ध्यानात आलं होतं. "चल की बिगीनं, माझ्यासाठी नगं थांबू," म्हणायचे. मी थांबतच चालायचो.

गावातून नदीकडं जाणारा रस्ता आटपाडीच्याच सडकेला मिळतो. तोवर सडक डांबरी झाली होती. एकदा आबा तिथं थांबले. धाप लागली असेल म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी तो धरला नाही. काठीनं डांबरावर दोनदा ठोकलं.

"ह्याच्या खाली माझी खडी हाय," म्हणाले. "आन तुझ्या आईची."

एस.टी. येत होती. आम्ही कडेला झालो. ती गेल्यावर आबा पुन्हा चालू लागले, आणि पाखऱ्याचं खोंडपण सांगत सांगत आम्ही घरी आलो.